नावेवर दोन जिन्नस

सदलग्यात कुणाला भरमा अंबीचं घर विचारलं, की माणूस हात करायचा तो थेट नदीकडं. घर तसं वरच्या गल्लीत होतं. कौलारू, दोन खणांचं, दारात शेवगा. पण तिथं भरमा सापडायचा नाही. तो सापडायचा दूधगंगेच्या पाण्यावर, आपल्या हरगोलात, उकिडवा बसलेला.

हरगोल म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली भली मोठी गोल टोपली आणि तिला खालून ताणून शिवलेलं म्हशीचं कातडं. मासेमारीला त्यात एक माणूस, एक जाळं आणि एक आखूड वल्हं, एवढं पुरतं. वल्हं समोरच्या पाण्यात घालायचं आणि पाणी आपल्याकडं ओढायचं, की हरगोल पुढं सरकतो. मनगट जरा चुकलं तर जागच्या जागी भिंगरी. भरमा सातव्या वर्षी बापाच्या हरगोलात चढला तो पन्नाशीपर्यंत उतरलाच नाही म्हणा ना. लग्नात बोहल्यावर उभं राहून कंटाळा आला तेव्हा हा गडी अंतरपाटाच्या पलीकडं चक्क उकिडवा बसला होता, ही गोष्ट त्याची बायको नागुबाई अजून बाजारात माशाच्या पाटीमागं बसून बायकांना सांगायची. "पाट खाली गेला आन बगते तर नवराच न्हाय! वाकून बगितलं तवा दिसला," असं म्हणायची आणि स्वतःच पहिल्यांदा हसायची.

दोन पोरी उजवल्या. घरात राहिली दोघं. भरमानं मासे आणायचे, नागुबाईनं विकायचे. मरळ, वाम, शिंगटा, जे मिळेल ते. नदीतला एकेक डोह त्याला गल्लीतल्या घरांसारखा ठाऊक होता. कुठल्या डोहात कुठला मासा दुपारी झोपतो हे तो सांगायचा आणि तेही असं, की त्या माशाशी आपलं जाणं-येणं आहे.

अशा माणसाचा सदतीस सालच्या पावसाळ्यात उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण दुमडायचं नाव घेईना. एरंडाची पानं बांधून झाली, विटकरीचा शेक झाला, चिकोडीच्या वैद्याचं तेल झालं. उकिडवं बसायचं म्हटलं, की भरमाच्या तोंडून बापाची हाक निघायची. पाय बाहेर सोडून बसून बघितलं तर हरगोल त्या अंगाला कलंडला आणि भरमा जाळ्यासकट पाण्यात.

दसऱ्याला नागुबाईचा धाकटा भाऊ भावकू निपाणीहून आला. तो तिथं तंबाखूच्या एका वखारीत मुकादम होता. डोक्याला रुमाल, हातात छत्री, बोलण्यात मुकादमकी.

"दाजी, किती दिस बेडकागत बसनार पान्यात? आमच्या वखारीत दारावर मानूस पायजे. ष्टुलावर बसायचं, आलं-गेलं बगायचं. पाय लांब करा, न्हायतर आखूड करा. कोन ईचारतंय!"

"आन त्या तंबाखूच्या धुळीत?" भरमा म्हणाला. "मागं एकदा तुला भेटाय आलतो तवा एकवीस शिंका दिल्या मी. तुमचा मालक दवाखान्यात पाठवालता मला."

"सवय व्हती, दाजी. आमी काय शिंकालोय काय?"

भरमानं बायकोकडं बघितलं. ती आपल्या बाजूनं चार शब्द टाकेल, असं त्याला वाटलं होतं. पण नागुबाई विळीवर मान घालून म्हणाली, "खोटं काय बोलत न्हाय तो. पायाला इसावा मिळंल. राती कन्हत असतासा, मी ऐकत न्हाय व्हय?"

 निपाणी म्हणजे काही विलायत नव्हती. पण तिथं नदी नाही. आयुष्यभर पाण्याकडं तोंड करून बसलेल्या माणसानं पोत्यांकडं तोंड करून बसायचं! तो म्हणाला, "संक्रांतीपतूर मला मुदत द्या. काय न्हाई जमलं तर येतो तुज्या ष्टुलावर."

"ठरलं," भावकू म्हणाला. "संक्रांत झाली, की मी सोता न्ह्यायला येतो."

मुदत मागताना भरमाच्या डोक्यात काहीच नव्हतं. पण दिवाळीनंतर तो कुणाच्या तरी गाडीत बसून यडूरला वीरभद्राच्या दर्शनाला गेला आणि तिथं कृष्णेच्या घाटावर त्याला देवाच्या आधी एक नावाडी दिसला. लाकडी लांबडी नाव. नावाडी फळीवर ऐसपैस बसलेला आणि दोन्ही पाय समोर सरळ सोडलेले. भरमा घाटाच्या पायरीवर उभा राहून त्या पायांकडं टक लावून बघत राहिला. नाव ऐलतीराला आली, पैलतीराला गेली, परत आली. त्याचे हात काय करत होते, तिकडं भरमाची नजरच गेली नाही. गुडघ्याला तसूभर काम नाही, एवढंच त्यानं पाहिलं आणि देवळात न जाता घाटावरच हात जोडले.

तो नावाडी आण्णाप्पा. साठी उलटलेला, पिळदार दंडाचा, मिशा पांढऱ्या. त्याची दोन्ही पोरं मिरजेला रेल्वेत लागली होती आणि म्हाताऱ्याला दोन नावा ओढवत नव्हत्या. थोरली त्यानं शेजाऱ्याला दिली होती, ही धाकटी विकायची होती. चहा झाला, पान झालं, सौदा ठरला. मग आण्णाप्पानं भरमाला आपल्या छपरात नेलं.

"हे बग गड्या," तो म्हणाला, "नाव तुजी झाली. आता आमच्याकडं रीत हाय. नावंवर दोन जिन्नस फुकट. ह्यातलं कंचंबी दोन उचल. पर दोनच. तिसऱ्याला हात लावायचा न्हाय, पैसं दिलंस तरी. त्ये ऱ्हायलेलं थोरल्या नावंला जायाचं."

छपरात काय नव्हतं! एक लोखंडी नांगर, चार आकड्यांचा. एक शीड, उंदरांनी जरा कुरतडलेलं. सुकाणूची फळी. बांबूच्या कमानी आणि वर चटई असलेलं छत. तांबड्या काचेचा कंदील. झाकणाची, चहूबाजूंनी भोकं पाडलेली एक सागवानी पेटी. भिंतीला टेकवलेली लांब वल्ह्यांची जोडी. आणि आढ्याला टांगलेली पितळी घंटा, पैलतीराची माणसं बोलवायला वाजवायची.

भरमानं घंटेला बोट लावलं. टण्ण. त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं.

"मासं धरायला घंटा?" आण्णाप्पानं विचारलं.

"न्हाय. नुस्तं बगालतो," भरमा म्हणाला आणि हात मागं घेतला.

"आठ दिस घे. सावकाश ईचार कर. पुढल्या सोमवारी ये."

त्या आठ दिवसांत सदलग्यात दुसरा विषय नव्हता. भरमानं नाव घेतली, पण नावेवर काय घेणार? ज्यानं जन्मात पाण्यात पाय घातला नाही तोही सल्ला द्यायला लागला. शीड घे म्हणणाऱ्याला वारा कुठून येतो ते ठाऊक नव्हतं. सुकाणू घे म्हणणाऱ्याला सुकाणू नावेच्या कुठल्या टोकाला असतं ते ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर ते भरमालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या हरगोलाला टोकच नव्हतं. गोल भाकरीला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली?

नदीकाठी पद्मराज पाटलांचा मळा होता. पाटील जैन, पाण्यातसुद्धा किडा-मुंगी बघून हात घालणारे. भरमा नदीत जाळं टाकत असला, की ते आपली खाट फिरवून नदीकडं पाठ करून बसायचे. पण माणसाशी वैर नव्हतं. मागं मोठा पूर आला होता तेव्हा भरमानं पाटलांच्या आईला आणि दोन वासरांना हरगोलात घालून माडीवरून काढलं होतं. तेव्हापासून मळ्यातली पहिली वांगी भरमाच्या घरी जायची आणि भरमाच्या घरून पाटलांकडं काही म्हणजे काही जायचं नाही, कारण भरमाच्या घरात काय असायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

"येन भरमा," पाटलांनी हाक मारली. कानडी-मराठी त्यांच्या तोंडात एकाच ताटात जेवायची. "नाव घेतलीस म्हने?"

"व्हय आण्णा. आता वर काय घ्यावं?"

"त्या माशाचं सामान मला ईचारू नगंस. पर नावंचं म्हनशील तर छत घे. उन्हाचं बरं. पलीकडच्या बस्तीत देवदर्शनाला आमच्या कारभारनीला जायाचं असलं, की त्यातनं न्हेशील."

"आन जाळं टाकताना? चटईत अडकंल की."

"मग नको टाकूस," पाटील म्हणाले आणि मिशीत हसले. "छत घेतलंस तर तुजं बी पुण्य, मासळीचं बी."

घरी नागुबाईचं वेगळंच. तिनं भोकाच्या पेटीचं ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. "अवं, ती पेटी नावंला बांधून पान्यात सोडायची. मासा त्यात जित्ता ऱ्हातो. बाजारात मेलेल्या माशाला गिऱ्हाईक नाक मुरडतंय. जित्ता फडफडता मासा टाकला पाटीत तर बाया एकमेकीच्या अंगावर पडतील. पेटी आना!"

"मला नांगर पायजे," भरमा म्हणाला. "जलमभर दगुड बांधून थांबलो. पान्याला ओढ असली, की दगुड सरकतो, हरगोल फिरतो, जाळं गुतातंय. एकदा तरी पान्याच्या मधोमध खिळ्यागत उभं ऱ्हायचंय मला."

"मग घ्या की नांगर. आन पेटी. झालं दोन!"

झालं दोन. घंटेचं त्यानं बायकोला सांगितलंच नाही.

सोमवारी दोघं यडूरला गेली. भरमानं नांगर उचलला, नागुबाईनं पेटी. आण्णाप्पानं एकदा नांगराकडं बघितलं, एकदा पेटीकडं, मग भिंतीकडं.

"आन वल्ही?"

"वल्हं घरचं हाय," भरमा म्हणाला.

"घरचं?"

"व्हय. बाभळीचं. माज्या बाच्या हातचं."

आण्णाप्पानं मिशीला हात लावला. "नीट ईचार कर गड्या. ह्या वल्ह्यांची जोडी लई..."

"आप्पा," भरमाची मान ताठ झाली, "पान्यावर जगनाऱ्या अंबीच्या जातीला वल्हं दाखवाल्यासा व्हय? चाळीस वरसं पानी ओढतोय मी. मला काय शिडाचं, सुकाणूचं कळत नसंल, पर वल्हं काय असतंय ते कळतंय."

"बरं बाबा," आण्णाप्पा म्हणाला. "नांगर आन पेटी. तुजं तू जान."

वाटेत दूधगंगेला जागोजाग खडक उघडे पडले होते, म्हणून नाव बैलगाडीवर घालून आणली. दोन गाड्या एकीमागं एक जोडून, गवतावर निजवून. गावात शिरली तेव्हा वरातच. कुणी नावेला हळद-कुंकू लावलं, कुणी लिंबू कापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर अख्खं गाव. पाटीलसुद्धा आले. आज जाळं नाही, नुसती नाव आहे, म्हणून त्यांची खाट नदीकडं तोंड करून होती.

भरमा नावेत चढला. फळीवर बसला. दोन्ही पाय सरळ समोर सोडले. गुडघा गप्प. त्यानं घाटाकडं बघून असा हात केला, की जणू कलेक्टर निघाला दौऱ्यावर.

मग त्यानं बापाचं आखूड वल्हं समोर घातलं, आणि तिथंच पहिली अडचण आली. समोर पाणी नव्हतं. समोर नाव होती. सहा हात लांब. पाणी होतं दोन्ही बगलांना. त्यानं उजव्या बगलेला वल्हं घातलं आणि सवयीनं आपल्याकडं ओढलं. नावेचं तोंड उजवीकडं वळलं. डावीकडं ओढलं, डावीकडं वळलं. मग तो सरकत सरकत नावेच्या तोंडाशी गेला, तिथून समोरचं पाणी ओढलं. तोंड पुढं निघालं, पण शेपटी आपल्या वाटेनं निघाली. नाव आडवी झाली.

"भरमाण्णा, तुजी नाव म्हशीगत बसालीया!" घाटावरून कुणीतरी ओरडलं.

"तिला वैरन दाखवा!"

"अरं, तोंड कंचं आन शेपटी कंची ते तरी ठरवा आदी!"

भरमा घामाघूम झाला. पाण्याची ओढ लागली आणि नाव आडवीच्या आडवी पाटलांच्या मळ्याच्या अंगानं घसरायला लागली. तेव्हा त्याला नांगर आठवला. त्यानं दोन्ही हातांनी उचलून पाण्यात टाकला. दोर सरसर गेला, ताणला आणि नाव नदीच्या मधोमध गपकन उभी राहिली. खिळ्यागत. भरमाच्या मनात होतं, अगदी तसं.

आता अडचण एवढीच होती, की ती तिथून हलेना. नांगराचा आकडा तळाच्या खडकात रुतून बसला होता. भरमानं ओढलं, ढिलं सोडलं, शिव्या दिल्या. तासाभरानं बघे कंटाळले. दीड तासानं पाटील म्हणाले, "भरमा, जेवान पाठवू काय तिकडं?"

सगळे हसले. नागुबाई हसली नाही. काठावर पालथा पडलेला जुना हरगोल तिनं सुलटा केला, वल्ह्याऐवजी कुणाचं तरी धुण्याचं धोपाटणं उचललं, पदर खोचला आणि आत चढली.

"आगं ए नागू, तुला येतंय काय?" बायका ओरडल्या.

"तीस वरसं बगालीया नव्हं? डोळं काय गिऱ्हाईकाला इकलं न्हाईत मी."

ती निघाली. सरळ नाही निघाली. दोन गिरक्या अशा, एक गिरकी तशी, मध्येच उलटी. भरमा नावेतून ओरडत होता, "मनगाट! मनगाट मोड! पानी आपल्याकडं घे, आगं आपल्याकडं!" आणि ती ओरडत होती, "तुमी गप बसा हो! तुमची सरळ जायाची नाव कुठं गेलीया ते बगितलंय मी!" गिरक्या घेत का होईना, पण पोचली. भरमा हरगोलात उतरला. एका अंगाला तो पाय बाहेर सोडून, दुसऱ्या अंगाला ती, त्यामुळं तोल साधला आणि दोघं घाटाला लागली. नाव तिथंच, नदीत उभी.

संध्याकाळी चुलीपुढं बसून नागुबाई म्हणाली, "उद्या यडूरला जावा आन ती वल्ही आना."

"तिसऱ्याला हात लावायचा न्हाय म्हनलाय आप्पा."

"मग एक जिन्नस परत करा."

 नांगर होता नदीच्या तळाशी खडकात. पेटी होती घरात, दारामागं. परत करता येण्यासारखं काय होतं ते दोघांनाही दिसत होतं. नागुबाईनं ती पेटी राखेनं घासून ठेवली होती. बाजारातल्या तीन बायकांना तिनं सांगूनही टाकलं होतं, की पुढल्या बाजारी जित्ती मरळ आणते, टोपली घेऊन या.  त्या रात्री भाकरी थापताना परातीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

सकाळी भरमा उठला तर पेटी सुंभानं बांधून उंबऱ्यावर ठेवलेली. नागुबाई आत भांडी आपटत होती.

"न्ह्या," ती आतूनच म्हणाली. "तुमचा नांगर अडाकला म्हनून माजी पेटी गेली. जाऊंदे. ष्टुलावर बसून तरी काय जित्तं मासं इकनार हाय मी!"

भरमानं पेटीकडं बघितलं. उचलली नाही. तो नदीवर गेला, सदरा काढला आणि पाण्यात शिरला. पाण्यात गुडघ्याला तक्रार नव्हती. तिथं तो पुन्हा वीस वर्षांचा होता. पोहत नावेपाशी गेला, दोर धरून खाली बुडी मारली. एक. दोन. तिसऱ्या बुडीला पाटील खाटेवरून उठून उभे राहिले. पाचव्या बुडीला त्यांनी गड्याला हाक मारली, "आरं बग जा, वर येतोय काय!" सातव्या बुडीला भरमा वर आला तो फुरफुरत, आणि त्याच्या हातात नांगराचा आकडा होता, एका बाजूनं वाकलेला. नाव त्यानं दोरानं ओढत काठाला लावली.

नागुबाई दारात आली तर समोर हा, चिंब ओला, खांद्यावर वीस शेराचं लोखंड.

"हे काय?"

"पेटी लई जड हाय," भरमा म्हणाला. "मला न्हेववत न्हाय. हे हलकं हाय, हेच न्हेतो."

नागुबाईनं तोंडाला पदर लावला. मग आत जाऊन भाकरी-झुणका बांधून आणला आणि त्याच्या हातात दिला. "हळू जावा," एवढंच म्हणाली.

यडूरच्या घाटावर आण्णाप्पानं त्याला लांबूनच बघितलं. हसला नाही. उठला, छपरात गेला आणि वल्ह्यांची जोडी घेऊन बाहेर आला.

"आकडा वाकलाय," भरमा म्हणाला.

"लोहार हाय गावात."

"आप्पा, तुमी दोनदा ईचारलासा. तवाच का न्हाई सांगितलंसा?"

"तिसऱ्यांदा ईचारलं असतं तर तू नावच माज्या अंगावर टाकून गेला असतास. ये, बस."

त्यानं भरमाला शेजाऱ्याच्या थोरल्या नावेत बसवलं. वल्ही दोन बाजूच्या खुंट्यांत अडकवली. भरमा नावेच्या तोंडाकडं तोंड करून बसला.

"उलटा बस."

"म्हंजे?"

"पाठ फिरव. नाव तिकडं जायाची, तू हिकडं बगायचं."

भरमाचा विश्वास बसेना. "पाठ करून जायाचं? मग म्होरं काय हाय ते दिसायचं कसं?"

"तुला न्हाई दिसायचं. नावंत दुसरं मानूस असतंय, त्येला दिसतंय. माज्या नावंत सारी उतारू असायची. धडकायची येळ आली, की बाया आपसूक बोंब मारत्यात."

भरमा पाठ फिरवून बसला. दोन्ही वल्ही धरली, पाय समोरच्या फळीला टेकवले, ओढलं. नाव गेली. अशी गेली, की लोण्यातून सुरी. त्याच्या पायांना, गुडघ्याला, कशालाच धक्का नाही. चाळीस वर्षं त्यानं पाणी आपल्याकडं ओढलं होतं. आताही आपल्याकडंच ओढत होता, फक्त जग मागं मागं जात होतं. तो मोठ्यानं हसला. आण्णाप्पाही मग हसला, पोट धरून, सकाळपासून साठवलेलं सगळं.

सदलग्यात पहिले दोन दिवस भरमानं एकट्यानं नाव चालवली आणि दोन्ही दिवस ती काठावर घातली. एकदा धुण्याच्या दगडावर, एकदा पाटलांच्या पाण्याच्या पाइपावर. सारखं वळून बघून मान आखडली. गुडघ्याचं तेल मानेला लागलं. तिसऱ्या दिवशी नागुबाईनं पदर खोचला आणि न विचारता नावेच्या तोंडाशी जाऊन बसली.

मग नदीवर जी भांडणं सुरू झाली!

"उजवं ओढा!"

"ओढलं की!"

"आवं उजवं, उजवं! दगुड आला!"

"हेच उजवं हाय माजं!"

दोघांची पाठीला पाठ. तिचं उजवं ते त्याचं डावं. दोन दगडांना टक्कर देऊन झाल्यावर नागुबाईनं तोडगा काढला. भरमाच्या एका मनगटात चांदीचं कडं होतं. मग "कड्याचा हात" आणि "रिकामा हात" अशी भाषा ठरली आणि नाव सरळ चालायला लागली. जाळं भरमा टाकायचा, पाय सरळ ठेवून, फळीवर बसून. थांबायला पुन्हा जुना दगडच. दगड सरकायचाच, पण आता सरकला, की नागुबाई वल्ह्यानं नाव जागेवर आणायची. पेटी नावेच्या कडेला पाण्यात लोंबकळायची आणि तिच्यात जिवंत मरळ धडका द्यायच्या. बाजारात नागुबाईच्या पाटीतून एक मरळ उडाली ती थेट शेजारच्या कांद्यात पडली. त्या दिवशी बायका खरोखरच एकमेकींच्या अंगावर पडल्या.

पाटील खाट फिरवून, पाठ करून बसलेले असायचे. तिकडूनच म्हणायचे, "भांडा, भांडा. तुमच्या आरड्यानं निम्मं मासं पळून जात्यात. तेवढंच त्येंचं आयुष्य."

संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं वरच्या डोहाकडून घाटाकडं परतत होती. धुकं उठत होतं. पेटी जड झाली होती. भरमा लयीत ओढत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर मागं राहिलेला डोह, एवढंच होतं. नागुबाई त्याच्या पाठीमागं, नावेच्या तोंडाशी, घाटाकडं तोंड करून बसली होती. घाट दिसायला लागला तशी तिची "कड्याचा हात, रिकामा हात" ही हाकाटी अचानक थांबली.

"काय गं? दगुड?"

"न्हाय."

घाटावर भावकू उभा होता. रुमाल बांधलेला, काखेत छत्री. नवं धोतर नेसून, दाजींना न्यायला आला होता. त्यानं छत्री हलवली. तोंडाभोवती दोन्ही हात धरून हाक मारली, "दाऽऽजी!"

हाक धुक्यातून नावेपर्यंत आली. भरमाची वल्ही पाण्यावर थांबली. पाणी टपटप गळायला लागलं. त्यानं वळून बघितलं नाही. विचारलं, "घाटावर कोन हाय गं?"

नागुबाईनं भावाकडं बघितलं. मग नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. त्याचे दोन्ही पाय फळीवर सरळ सोडलेले होते. महिनाभर ती रात्री शांत झोपली होती. कन्हण्यानं जाग आली नव्हती.

"कोन न्हाय," ती म्हणाली. "कड्याच्या हातानं ओढा. खालच्या डोहात अजून एकदा जाळं टाकू."

भरमानं आवाज ओळखला होता. तीस वर्षांपासूनचा मेहुणा, ओळखणार नाही तर काय! त्याच्या मिशीखाली हसू फुटलं, पण नागुबाईला ते दिसायचं कारण नव्हतं, तिच्याकडं त्याची पाठ होती. त्यानं कड्याच्या हातानं जोरात ओढलं. नाव घाटापासून वळली आणि खालच्या डोहाकडं निघाली. घाटावर भावकू छत्री हलवत राहिला. भरमाला आता तो चांगला समोर दिसत होता, लहान लहान होत जाणारा.

"हाक मारालाय गं कोनतरी," भरमा म्हणाला.

"मारूंदे," नागुबाई म्हणाली. "जेवायच्या वक्ताला घरी येतोयच की. मासा लागंल त्याला बी."